वस्तादांचा पास

“मग या दोघांतला घ्यायचा कोण, वस्ताद?”

केतकीला वाटलं होतं, आता उत्तर मिळेल. अमेरिकेत खेळाचं शास्त्र शिकत असताना, खोलीबाहेर बर्फ साचलेलं असताना तिच्या डोळ्यांपुढं हेच यायचं. कोल्हापूरच्या पेठेतली तालीम, तिच्या मागचं फुटबॉलचं मैदान आणि मैदानाच्या मधोमध उभे दस्तगीर वस्ताद. त्यांचा पास म्हणजे या टोकाहून निघावा आणि त्या टोकाला सांगितलेल्या पायावर उतरावा.

आता समोर बसलेले वस्ताद गुडघ्याला फडकं बांधलेले म्हातारे होते. बशीत ओतताना त्यांच्या हातून निम्मा चहा सांडला.

“च्या घे,” ते म्हणाले.

“घेते. पण सांगा ना.”

“आधी घे. गार झाल्यावर काय मजा न्हाई.”

तिनं घेतला. याच पायरीवर बसून ती लहानपणी बुटांच्या नाड्या बांधायची. सगळ्या पोरांत ती एकटी मुलगी. वस्तादांनी तिला मैदानात उतरवलं म्हणून पेठेत महिनाभर कुजबुज झाली होती. वस्तादांच्या कानावर ती कधी पडलीच नाही, किंवा त्यांनी पडू दिली नाही.

आता शहराचा व्यावसायिक फुटबॉल संघ उभा राहत होता आणि निवडीचं काम तिच्याकडं होतं. मालकांना सगळे खेळाडू बाहेरून आणायचे होते. तिनं भांडून एक जागा पेठेसाठी मागून घेतली होती. तो एक गडी चालला तर पुढच्या वर्षी आणखी घेऊ, फसला तर पेठेचं नाव काढायचं नाही, असं ठरलं होतं. उद्या सकाळी नाव कळवायचं होतं.

“कसा गडी पायजे तुला?” वस्तादांनी विचारलं.

“तिकडं हातानं खेळायचा फुटबॉल असतो, वस्ताद. त्यात एक गडी असतो. चेंडू काखेत मारून सरळ गर्दीत घुसतो. पण त्याची खरी गंमत वेगळीच. सगळ्यांना वाटतं, हा आता मुसंडी मारणार. आणि हा गपचूप बाजूला सुटतो आणि पास झेलतो. अडकलेला सगळा संघ त्याच्यामुळं मोकळा होतो. मला तसा पाहिजे. आपल्या खेळात. पायानं.”

वस्तादांनी आपल्या हातांकडं पाहिलं.

“हातानं खेळत्यात?”

“हो.”

“आणि म्हणत्यात फुटबॉल?”

“हो.”

“…बरं.”

केतकी हसली. मग तिनं लॅपटॉप उघडला.

“धैर्यशील पास घ्यायला कुठं पोचतो, किती लवकर पोचतो, सगळं मोजलंय मी. तो नेमक्या जागी असतो. कायम. सोमाचं तसं नाही. निघतो एकीकडं, पोचतो भलतीकडं. वयही जास्त आहे. पण त्याला आत्ता घेतला नाही तर तो शिरोलीच्या फौंड्रीतच लोखंड ओतत राहणार. पुन्हा त्याला कोण विचारणार?”

“म्हंजे सोमाची दया येतीय.”

“नाही. दयेवर संघ उभा राहत नाही.”

“मग धैर्यशीलला घे की.”

“पण तुम्ही दोघांची नावं का दिलीत?”

वस्तादांनी बशी बाजूला सारली. गुडघ्यावर हात दाबून ते उठले.

“चल. पोरं आली असतील.”

सरावाचे पहिले पास वस्तादांनी द्यायचे, ही तालमीची रीत. केतकी शाळेत होती तेव्हापासूनची. वस्ताद मधोमध उभे राहत, पोरं एकेक करून धावत, आणि चेंडू त्यांच्या पायाशी येऊन थांबे.

धैर्यशील निघाला. नेमक्या रेषेत गेला, नेमक्या जागी वळला.

चेंडू त्याच्या बराच मागून बाहेर गेला.

धैर्यशीलनं केतकीकडं बघून हात पसरले. “मी जाग्यावर होतो, मॅडम.”

“चेंडू न्हवता न्हवं तिथं,” सोमा म्हणाला.

पोरं हसली. धैर्यशीलसुद्धा हसला. चांगला पोरगा होता तो.

सोमा निघाला. पुढं धावता धावता त्यानं मान वळवली, वस्तादांच्या पायाकडं पाहिलं आणि होता तसाच मागं फिरला. चेंडू भलत्याच बाजूला, उसळ्या घेत चालला होता. सोमा पडत-झडत तिथवर गेला, टाचेनं तो अडवला, अंगाभोवती फिरवला आणि गोलाकडं सुटला.

“भारी पास, वस्ताद,” पळता पळताच तो ओरडला.

“लाव, लोणी लाव,” धैर्यशील म्हणाला.

पुढचा पास तसाच. त्याच्या पुढचाही. धैर्यशील दर वेळी जागेवर, चेंडू दर वेळी दुसरीकडं. सोमा दर वेळी परत फिरलेला, कोपरावर माती, आणि तोंडात तेच. भारी पास, वस्ताद.

केतकीला मैदानाकडं बघवेना. वस्ताद थकले, हे पेठेत सगळ्यांना दिसत होतं आणि पहिले पास त्यांच्याकडून काढून घ्यायची कुणाची छाती होत नव्हती.

इतक्यात वस्तादांनी तिला हाक मारली.

“ये. आता तू दे.”

“मी? वस्ताद, मी कित्येक वर्षांत…”

“बूट हायत न्हवं पायात?”

ती मधोमध जाऊन उभी राहिली. धैर्यशील धावला. तिनं मारलेला चेंडू त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. अर्ध्या वाटेत थांबला. धैर्यशील आपल्या जागेवर उभा राहून वाट बघत राहिला, अदबीनं.

मग सोमा. या वेळी तिनं जीव खाऊन मारला. चेंडू बुटाच्या कडेला लागून थेट तालमीच्या भिंतीकडं निघाला. तिनं डोळे मिटले.

उघडले तेव्हा सोमा भिंतीशी होता. खांदा खरचटलेला, चेंडू पायाखाली.

“भारी पास, मॅडम.”

“वाईट होता, सोमा.”

“आला की माझ्याकडं.”

केतकीला आठवले ते सामने, जे ती गेले कित्येक दिवस पुन्हापुन्हा बघत होती. सोमाकडं गेलेल्या पासांतला एकही तिनं वाईट म्हणून मोजला नव्हता. तिला वाटलं होतं, सोमाचं नशीब चांगलं. त्याला पास देणारे चांगले मिळतात.

तिनं वस्तादांकडं पाहिलं. ते कुणाला तरी नाडी नीट बांधायला सांगत होते.

घरी जाताना तिच्या मनात वस्तादांविषयी इतकं भरून आलं की रस्त्यात कुणी भेटू नये असं तिला वाटलं. केवढी युक्ती. एक शब्द न बोलता. सगळ्या पोरांदेखत स्वतःला म्हातारा ठरवून घेतलं, फक्त तिला दिसावं म्हणून.

सकाळी मालकांना सोमाचं नाव कळवून ती थेट तालमीत आली. वस्ताद पायरीवर बसून गुडघ्याचं फडकं बदलत होते.

“सोमनाथ खोत,” ती म्हणाली. “कळवून आले.”

वस्तादांनी मान हलवली. “आणि धैर्यशील?”

“पुढच्या वर्षी. तोवर त्याला रोज पास द्या. कालच्यासारखे.”

“देतो की.”

ती त्यांच्या पायाशी बसली, फडक्याचं टोक धरून गाठ मारू लागली.

“वस्ताद, एक विचारू? खरं सांगायचं.”

“विचार.”

“काल तुम्ही मुद्दाम वाकडे मारत होता ना? मला दाखवायला?”

वस्तादांनी मैदानाकडं पाहिलं… मग तिच्याकडं. डोळ्यांत हसू होतं की आणखी काही, तिला नीट कळलं नाही.

“मुद्दाम?” ते म्हणाले. “मी सगळे सरळच मारले की गं.”