मोहरी, ओ दे!

आधी वास आला.
कडू, जळका वास.

इवली उंदरीण अंगणात थबकली. नाक हललं, सुक सुक, सुक सुक. वास तिच्याच घरातून येत होता!

इवलीचं घर कुठे? मुकुंदकाकांच्या विजेच्या स्कूटरमध्ये. सीटखाली, चिंध्यांच्या गादीवर. गादीवर झोपलेलं तिचं एवढंस्सं पिल्लू, मोहरी.

इवली दाणे शोधायला गेली होती. इकडे काकांनी स्कूटर चार्जिंगला लावली. वायर होती तुटकी. काकांनी तिला दुधाची पिशवी गुंडाळली. वर लावली चिकटपट्टी. उरलेल्या पिशवीचा बोळा सीटखालच्या भोकात कोंबला.
"आजच्यापुरतं चालेल!" म्हणाले आणि झोपले.

ते भोक म्हणजे इवलीचं दार. दार गेलं!
वायर करते तड तड, तड तड.

"मोहरी, ओ दे!"
"चीं!" आतून आवाज आला.

इवली धावली, तुरु तुरु, तुरु तुरु.
"काका, काका, बटण बंद करा!
वायर तडतडते,
मोहरी आत अडकली!"
काका म्हणाले, "मी नाही उठणार. पट्टी लावलीय ना! काकू ओरडली, तर उठेन."

इवली धावली, तुरु तुरु, तुरु तुरु.
"काकू, काकू, ओरड ना गं!
काका उठत नाहीत,
वायर तडतडते,
मोहरी आत अडकली!"
काकू म्हणाली, "मी नाही ओरडणार. मटार सोलतेय. मोत्या भुंकला, तर ओरडेन."

"मोहरी, ओ दे!"
"ची..." आवाज बारीक झाला.

इवली धावली, तुरु तुरु, तुरु तुरु.
"मोत्या, मोत्या, भुंक ना रे!
काकू ओरडत नाही,
काका उठत नाहीत,
वायर तडतडते,
मोहरी आत अडकली!"
मोत्या म्हणाला, "मी नाही भुंकणार. ऊन किती छान आहे! भुरी मांजर पळाली, तर भुंकेन."

"मोहरी, ओ दे!"
आतून काहीच नाही.
नुसता धूर. काळा काळा.

भुरी मांजर भिंतीवर बसली होती. इवलीचे पुढे सरकली, हळू हळू, हळू हळू.
"भुरे, भुरे, पळ ना गं!
मोत्या भुंकत नाही,
काकू ओरडत नाही,
काका उठत नाहीत,
वायर तडतडते,
मोहरी आत अडकली!"

भुरीने जीभ फिरवली.
"मी उगाच नाही पळणार. उंदीर पळाला, तरच पळेन."

उंदीर?
उंदीर तर इवलीच!

इवलीने स्कूटरकडे पाहिलं. डोळे मिटले. आणि भुरीच्या नाकासमोरून पळाली, तुरु तुरु तुरु तुरु!

भुरी पळाली, धप्प!
मोत्या भुंकला, भो भो! भुरी चढली झाडावर.
काकू ओरडली, "अहो, उठा! धूर! धूर!"
काका उठले, धाड! पाण्याची बादलीच उचलली.
"पाणी नको! वायरीला हात नको! आधी बटण! घरातलं मोठं बटण!" काकू म्हणाली.

खट्!

तड तड थांबली.
सगळे लांब उभे राहिले. धूर गेला. स्कूटर गार झाली.
"हेच का तुमचं आजच्यापुरतं?" काकू म्हणाली.
काकांनी कोरड्या काठीने बोळा काढला. दार उघडलं.

इवली दाराशी गेली. आत अंधार.
"मोहरी, ओ दे!"
काहीच नाही.
"मोहरी, ओ दे!"
मोत्याने कान टवकारले. काकू वाकली. झाडावरून भुरीसुद्धा डोकावली.
"मोहरी, ओ दे गं बाळा!"

"...चीं!"