उल्मुकाचा प्रश्न आणि सुव्रतेचा शाप

त्रेतायुग उतरणीला लागले होते, तेव्हाची ही कथा. पयोष्णीच्या तीरी, बिल्ववृक्षांनी वेढलेल्या आणि सामगानाने दुमदुमणाऱ्या एका आश्रमात उल्मुक नावाच्या शिष्याने समिधा तोडण्याच्या परशूने सुनाभाचा शिरच्छेद केला. सुनाभ हा कुलपतींचा एकुलता एक पुत्र आणि उल्मुकाचा जिवलग सखा. शिव शिव! ना वैर, ना लोभ, ना साधे भांडण!

उल्मुक पळाला नाही. रक्ताळलेल्या हातांनी तो राजा धृतव्रतापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "महाराज, शूळ मला मान्य आहे. पण मी हे का केले, ते माझे मलाच उमगत नाही. तेवढे सांगा आणि मग मारा."

राजाने उदक सोडून वचन दिले, "कारण कळल्यावाचून तुला मृत्यू नाही."

मग काय विचारता! दाही दिशांनी जटाधारी धावले. सभा भरली.

एक ज्योतिर्विद गर्जला, "राजन्, याच्या जन्मलग्नीच क्रूर ग्रह होता!"

"त्याच मुहूर्तावर माझा सुनाभ जन्मला," ऋषिपत्नी सुव्रता म्हणाली. मृत पुत्राची माता ती. उत्तराची तहान तिच्याइतकी कोणाला असणार?

दुसरा म्हणाला, "याचा पिता व्याध. हिंसा याच्या रक्तातच आहे!"

"याचा सख्खा भाऊ आमच्या गाई राखतो. मुंगी पायाखाली आली तरी त्याचे डोळे भरतात."

तिसरा म्हणाला, "दुर्भिक्षात हा उपाशी वाढला. याच्यातली दयाच करपली!"

"त्या दुर्भिक्षात दोघे एकाच पानावर जेवले, महाराज. मीच वाढत होते."

ऋषींची तोंडे आधी उतरली, मग तापली. सुव्रतेला सोडून ते एकमेकांवरच तुटून पडले. राजाही कंटाळला. म्हणाला, "पुरे हा काथ्याकूट! तिघांचेही मान्य. शूळ उभारा!"

वाटेत उल्मुक सुव्रतेपुढे थांबला. "माते, तुला तरी कळले का?"

"नाही रे बाळा," ती म्हणाली. आणि जिची कूस त्याने उजाड केली होती, तीच त्याच्यासाठी हमसून हमसून रडली.

त्याचे प्राण गेले, तेव्हा तिने ओंजळीत उदक घेतले.

"राजन्, वचन मोडून तू याला मारलेस, आणि माझे उत्तरही याच्याबरोबरच गेले. ऋषींनो, आजपासून प्रत्येक अपराधामागे तुम्हाला कारणे सापडतील. एकही खोटे ठरणार नाही आणि एकही पुरे पडणार नाही!"

वादाच्या गलक्यात ऋषींना तो शाप ऐकूच गेला नाही. मग उःशाप कोण मागणार? म्हणून तो अजून चालूच आहे. न्यायसभा उठते, पंडित आपापल्या घरी जातात आणि कोणाची तरी आई तिथेच बसून विचारत राहते, "पण का?"