नकाशा कसा धरायचा

"म्हणजे उत्तर वर ठेवायची, की जिकडे जायचंय ती दिशा वर?"

शौनक जेधेने हे तिसऱ्यांदा विचारलं.

रेगेसर विमानाच्या पंखाच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. ते पेरू खात होते आणि पेरू खाताना ते बोलत नसत. एरवीही फारसे बोलत नसत.

शौनकच्या हातात नकाशा होता. घडी घालून मांडीवर मावेल एवढा केलेला. त्याने तो सरांसमोर सुलटा धरला, मग उलटा, मग पुन्हा सुलटा.

"सकाळच्या बॅचचे सर सांगतात, उत्तर कायम वर. छापलाय तसा वाचायचा, उगाच फिरवाफिरवी नको. थिअरीच्या मॅडम म्हणतात, जिकडे नाक तिकडे नकाशा. मी सगळ्यांना विचारलं. निम्मे इकडे, निम्मे तिकडे. तुम्ही कसा धरता?"

"हातात," रेगेसर म्हणाले.

सर चेष्टा करताहेत की शिकवताहेत, हे आमच्या फ्लाइंग स्कूलमध्ये आजवर कुणालाच कळलेलं नाही. मलाही नाही.

गुरुवारी काय झालं ते आधी सांगायला हवं. शौनक विमान घेऊन एकटाच वाघळूजपर्यंत जाऊन परत यायला निघाला होता. खूण सोपी होती, वाघळूजच्या साखर कारखान्याची चिमणी. पण आमच्या भागात कारखान्यांना तोटा नाही, आणि वरून पाहिलं की सगळे एका आईची लेकरं वाटतात. एक चिमणी, एक वसाहत, उसाच्या गाड्यांची एक रांग. शौनकला निंबवीची चिमणी दिसली. त्याने ती वाघळूजची धरली आणि तिथूनच वळला.

पुढे नदी यायला हवी होती, ती आली नाही. रस्ता आला, तो नको होता. रेडिओवरून कंट्रोलने कुठे आहात असं विचारलं, तेव्हा प्रत्येक वेळी त्याने छातीठोकपणे एकेका गावाचं नाव सांगितलं. गावं सगळी खरी होती. तो त्यांतल्या एकाही गावावर नव्हता.

टाकीचा काटा तळाला टेकता टेकता त्याला धावपट्टी दिसली. शोधून नव्हे, योगायोगाने.

"मी हरवलो नव्हतो सर," शौनक म्हणाला. "मी चाललो होतो दक्षिणेला आणि नकाशात उत्तर वर होती. नकाशात जी नदी उजवीकडे, ती खिडकीतून डावीकडे. तेवढं एक उलटं झालं."

"हं."

"हरवणं वेगळं."

"हं."

"एकदा पद्धत कळली की पुन्हा होणार नाही. म्हणून तर विचारतोय."

सरांनी पेरूचा देठ बाजूला ठेवला, रुमालाने बोटं पुसली.

एकट्याने लांब जायचं तर लॉगबुकात रेगेसरांची सही लागते. गुरुवारनंतर शौनकला ऑफिसात बोलावून सांगितलं होतं, आधीची सही रद्द, या आठवड्यात नवी झाली नाही तर नाव कमी करू. आज आठवड्याचा शेवटचा दिवस होता. वैमानिक होण्याशिवाय त्या पोराने आयुष्यात दुसरं काही मनातच आणलं नव्हतं. वरून कितीही ताठ असला तरी आतून तो पार घाबरला होता.

"चल," सर म्हणाले.

"कुठे?"

"वर."

पुढचं मला शौनकनेच सांगितलं.

दोघं शेजारी शेजारी बसले, विमान दक्षिणेला निघालं. हवा स्वच्छ होती. थंडीचे दिवस, गाळप जोरात, जिकडेतिकडे चिमण्यांचा धूर.

"उत्तर वर धर," सर म्हणाले.

शौनकने धरली.

"नदी दाखव."

शौनकने नकाशात पाहिलं आणि उजव्या खिडकीकडे बोट केलं. उजवीकडे माळरान होतं... नदी डावीकडे निवांत वाहत होती.

त्याचे कान लाल झाले.

"आता फिरव."

शौनकने नकाशा फिरवला. नदी नकाशातही डावीकडे आली. त्याला हायसं वाटलं.

"बघा सर. मॅडमचंच बरोबर."

"त्या नदीकाठच्या गावाचं नाव वाच."

नाव आता उलटं झालं होतं. शौनकने मान वाकडी केली. आणखी थोडी केली. अक्षरं लागत होती, नव्हती...

"वाचलंस?"

"वाचतोय."

"आपण कुठे चाललोय?"

शौनकने वर पाहिलं. मानेबरोबर त्याचा हातही कलला होता आणि हाताबरोबर विमान. नाक दक्षिण सोडून भलतीकडेच गेलं होतं.

त्याने घाईघाईने विमान सरळ केलं.

"मग... उत्तरच वर?"

सरांनी हात पुढे केला. शौनकने नकाशा दिला. सरांनी त्याची आणखी एक घडी घातली, जरा उठले आणि तो बुडाखाली घेऊन बसले.

"सर?"

"मान खाली घाल. डोळे मीट."

विमान डावीकडे वळलं. मग उजवीकडे. मग बराच वेळ एकाच बाजूला, किंवा तसं वाटलं. सर काय करताहेत, का करताहेत, काहीच उमगेना.

"उघड. कुठे आहोत?"

खाली एक चिमणी होती. एक वसाहत. गाड्यांची रांग.

"निंबवी."

"नक्की?"

"नक्की."

"मग घरी घेऊन चल."

सरांनी हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले.

शौनकने होकायंत्र पाहून विमान उत्तरेला वळवलं. निंबवीहून उत्तरेला गेलं की रेल्वेचा रूळ लागतो, हे त्याला पाठ होतं. रूळ आला नाही. थोड्या वेळाने येईल, असं त्याने स्वतःला समजावलं. थोड्या वेळाने एक ओढा आला. हा ओढा नकाशात नसेल, लहान आहे, असंही त्याने समजावलं. मग एक टेकडी आली. टेकडीचं काय करावं हे मात्र त्याला सुचेना.

त्याने सरांकडे पाहिलं. सर झोपल्यासारखे दिसत होते.

पुढे आणखी एक चिमणी दिसली.

"ही वाघळूज," तो मोठ्याने म्हणाला.

सरांनी डोळे उघडले नाहीत.

"वाघळूज असणार..."

वाघळूज घरापासून दक्षिणेला, निंबवीच्याही पुढे. तो निंबवीहून उत्तरेला आला होता. निंबवीच्या उत्तरेला वाघळूज येणं शक्यच नव्हतं. हे त्यालाही कळत होतं आणि तरी तोंडातून तेच नाव बाहेर पडलं होतं. चिमणी मागे गेली. खाली ऊस, ऊस आणि ऊस.

पुढचं एक नाव जिभेवर आलं होतं. ते त्याने गिळलं.

"सर."

"हं."

"मला माहीत नाही."

"काय?"

"आपण कुठे आहोत... मला माहीत नाही."

सरांनी डोळे उघडले. "हे मला कशाला सांगतोस? मी तर शेजारीच बसलोय." त्यांनी रेडिओच्या बटणाकडे बोट दाखवलं. "त्यांना सांग."

आमच्या कॅन्टीनमध्ये रेडिओचा स्पीकर लावलेला आहे. दुपारच्या वेळी सगळी शाळा तिथे असते. सकाळच्या बॅचचे सर, थिअरीच्या मॅडम, शौनकच्या बरोबरीची पोरं, कंट्रोलवरचे ड्यूटी संपलेले दोघं आणि मी. हे शौनकला चांगलं ठाऊक होतं. त्याने बटणावर अंगठा ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

आम्ही ऐकलं ते एवढंच. आधी नुसती खरखर. मग विमानाचा नंबर. मग पुन्हा खरखर.

"मी कुठे आहे ते मला माहीत नाही," शौनकचा आवाज म्हणाला.

कॅन्टीनमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. मॅडमनी नुसतं पाहिलं, तसं ते हसू थांबलं.

कंट्रोलवरच्या माणसाने शांतपणे विचारलं, खाली काय दिसतंय? शौनकने सांगितलं. ऊस. मागे एक कारखाना, नाव माहीत नाही. डावीकडे टेकडी, तिच्यावर देऊळ असावं, नक्की सांगता येत नाही. थांबा, असं उत्तर आलं. मग त्यांनी रेडिओवर त्याचा आवाज कोणत्या दिशेने येतोय ते यंत्रावर मोजून, घरी यायला होकायंत्रावर कोणता आकडा धरायचा ते सांगितलं.

शौनकने तो धरला.

इकडे विमानात सर जरा उठले आणि बुडाखालचा नकाशा काढून त्याच्या मांडीवर ठेवला. तो चुरगळला होता.

"आता शोध."

"कुठून सुरुवात करू? मला काहीच..."

"कुठे नाहीस तिथून."

शौनकला नीट समजलं नाही. तरी त्याने सुरुवात केली.

"नदीच्या पलीकडे नाही. नदी ओलांडलेली नाही."

"हं."

"रुळाच्या उत्तरेला नाही. रूळ आलाच नाही."

"हं."

"आणि..." इथे तो अडला. "आणि मघाशी निंबवीवर नव्हतो."

हे वाक्य म्हणायला आधीच्या दोन्हींपेक्षा जास्त वेळ लागला, असं तो मला म्हणाला.

नकाशात आता फारशी जागा उरली नव्हती. एका कोपऱ्यात टेकडी होती, टेकडीवर देवळाची खूण. त्याने त्यावर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहू दिलं. थोड्या वेळाने खाली रूळ आला. त्यामागून धावपट्टी.

नकाशा तेव्हा कसा धरला होतास, असं मी त्याला विचारलं. उत्तर वर होती की जायची दिशा?

त्याने हवेत हात धरून पाहिला. तिरका असावा, म्हणाला. मग म्हणाला, की आठवत नाही.

विमान उतरलं. इंजिन बंद झालं. शौनकने पट्टा सोडला, पण तो जागचा हलला नाही. संपलं, असं त्याला वाटत होतं. सगळ्या शाळेने ऐकलं होतं. गुरुवारी निदान तोंड होतं दाखवायला, आज तेही उरलं नाही. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते खिडकीकडे वळवले.

"लॉगबुक," सर म्हणाले.

त्याने दिलं. काहीतरी वाईट शेरा येणार, हे गृहीत धरूनच दिलं.

सरांनी खिशातून पेन काढलं. तारीख घातली. खाली एक ओळ लिहिली, विद्यार्थ्याला एकट्याने लांबच्या उड्डाणाला परवानगी आहे. आणि तिच्याखाली सही केली.

शौनकने ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. सही सरांचीच होती.

सर एव्हाना खाली उतरून चालू लागले होते. शौनक लॉगबुक घेऊन त्यांच्या मागे धावला.

"सर... काहीतरी चूक झालीय."

"कुठे?"

"मला काही कळत नाहीये. नकाशा कसा धरायचा ते तुम्ही सांगितलंच नाहीत. तो मला आजही धरता आला नाही. आणि आज तर..." तो थांबला, त्याने श्वास घेतला. "सर, आज तर मी हरवलो होतो."

रेगेसर वळले. पहिल्यांदाच त्यांनी शौनककडे नीट पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "गुरुवारी नव्हतास."