पंप मारायचा राहिला

"...मग आता राहिलं काय माझं शिकायचं, उस्ताद?" म्हादूने पुन्हा विचारलं.

लतीफ उस्तादांनी बिडी विझवली. आपल्या जुन्या मोटरसायकलच्या पुढच्या चाकाकडे नुसतं बोट दाखवलं.

म्हादू समजला. घाटाखालच्या त्या गॅरेजमधून आजवर जो कोणी बाहेर पडला, तो उस्तादांच्या गाडीचा पुढचा ब्रेक करूनच. शागिर्दाने ब्रेकचे पॅड बदलायचे, ते दाबणारा कॅलिपर उघडून साफ करायचा. मग उस्तादांनी गाडीवर बसून समोरचा उतार उतरायचा, हमरस्त्याच्या अलीकडे पुढच्या ब्रेकवर थांबायचं आणि परत यायचं. परत आले की शागिर्द मोकळा. सर्टिफिकेट म्हणा, आशीर्वाद म्हणा, एवढंच.

आणि म्हादू शिगवणला आजच मोकळं व्हायचं होतं. बाकड्यावर अप्पा खेतले येऊन बसले होते. एसटी स्टँडसमोरचा त्यांचा गाळा रिकामा होता, आणि उस्तादांनी पसंती दिली तरच तो म्हादूला मिळणार होता. गड्याने तर दुकानाच्या पाटीचा रंगसुद्धा ठरवून ठेवला होता.

आता खोटं कशाला बोला, हात होता त्याचा. झिजलेले पॅड त्याने अलगद काढले. पॅड पुढे रेटणाऱ्या पिस्टनभोवती साचलेली काळी मळी ब्रशने, फडक्याने साफ केली. पिना घासल्या, त्यांना बोटभर ग्रीस लावलं. पिस्टन दाबून सरळ आत बसवले, नवे पॅड चढवले, बोल्ट आवळले. अप्पा मान डोलावत होते, आणि म्हादूचं अर्धं लक्ष त्या मानेकडे होतं. तिथंच माशी शिंकली.

उद्घाटन कधी करतोस, असं अप्पांनी विचारलं. म्हादू हात पुसत त्यांच्याकडे गेला. मुहूर्ताच्या गप्पा सुरू झाल्या.

मागे स्टँड काढल्याचा आवाज झाला. उस्ताद गाडीवर बसले होते. इंजिन चालू न करताच त्यांनी गाडी उताराला सोडली.

म्हादू बोलता बोलता गर्रकन वळला.

पिस्टन आत ढकलले की ब्रेकला आधी पंप मारावा लागतो. हँडलवरचा लिव्हर जागच्या जागी दाबून दाबून त्यात जोर भरून घ्यावा लागतो. नाहीतर उन्हाळ्यातल्या हापशासारखं होतं, दांडा खालीवर आणि पाण्याचा पत्ता नाही. गॅरेजात आठवडाभर काढलेल्यालाही हे ठाऊक असतं. म्हादू तेच विसरला होता.

ओरडायला पाहिजे होतं. त्याने तोंड उघडलंही. पण शेजारी अप्पा होते...

मागचा ब्रेक आहे की, तो मनाशी म्हणाला. उस्ताद काही लेचापेचा माणूस नाही. पुन्हा दाबला की धरेलच.

गाडी खाली चालली होती. हमरस्त्यावरून वाळूचा डंपर येत होता.

उस्तादांची उजवी मूठ आवळली गेली. गाडी थांबली नाही. मूठ पुन्हा आवळली... गाडी तशीच. अप्पा पाटीबद्दल काहीतरी विचारत होते आणि म्हादू हो हो म्हणत होता.

रस्ता वीतभर उरला, तेव्हा ब्रेकने धरलं. डंपर उस्तादांच्या अंगावर धुरळा उडवून निघून गेला.

उस्ताद किक मारून वर आले. अप्पांना काहीच कळलं नव्हतं. ब्रेक एक नंबर झालाय, असं म्हणून ते मोकळे झाले.

म्हादू गाडीजवळ गेला.

"उस्ताद... विसरलो." अप्पांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलला.

"विसरतो मीही. आठवलं कधी?"

म्हादू फडक्याने टाकी पुसू लागला.

"कधी आठवलं, म्हादू?"

"तुम्ही गाडी सोडलीत... तेव्हाच."

उस्ताद खाली बसले. पाना घेतला, कॅलिपर सोडवला, पिस्टन पुन्हा आत ढकलले आणि बोल्ट आवळून टाकले. अप्पांना वाटलं, काम तपासतायत. म्हादू मात्र डोळे फाडून बघत होता. ब्रेकच्या लिव्हरला उस्तादांनी बोटही लावलं नाही.

"बस," ते म्हणाले.

"उस्ताद, पंप..."

"बस म्हटलं ना. ब्रेकला हात लावायचा नाही."

शिक्षा आहे ही, म्हादूला वाटलं. आणि आपण ती कमावलीय, हेही त्याला कळत होतं. तो बसला. स्टँड काढला. समोर उतार, खाली हमरस्ता, आणि वळणावर आणखी एका डंपरचा हॉर्न. त्याने पाय उचलले.

चाक हललं न हललं तोच उस्ताद ओरडले. समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघू लागली, एवढ्या मोठ्याने.

"थांब! ब्रेक नाही गाडीला! पंप मारायचा राहिला, माझी चूक झाली!"

म्हादूने पाय टेकले. गाडी जागीच थांबली.

अप्पा पोट धरून हसले. उस्ताद, वय झालं तुमचं, म्हणाले. एवढी साधी गोष्ट विसरता, तीही चेल्यासमोर. टपरीवरही हशा पिकला. यापुढे आपल्या घरच्या सगळ्या गाड्या म्हादूकडेच, असं सांगून अप्पांनी गाळ्याची किल्ली काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

म्हादूला मान वर करता येईना. जन्मात कधी वाटली नव्हती एवढी लाज त्याला वाटत होती.

उस्तादांनी हसणाऱ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते म्हादूजवळ आले आणि गाडीचं हँडल धरलं.

"बघितलंस?... ओरडायला एवढाच वेळ लागतो."