पंख्याची पिन

एवढा ताप अंगात असताना ताई रोज कॉलेजात का जात राहिली? घरात सगळ्यांना विचारलं, कुणालाच माहीत नव्हतं.

ताईच्या तेराव्यानंतर मी तिच्या कॉलेजात गेलो. तिच्या पहिल्या वर्षाच्या संगणक वर्गाचं प्रदर्शन होतं; त्याच्याच तयारीसाठी ती तापातही येत होती, हे तिथे कळलं. ताईने भंगारातले भाग जोडून बनवलेला कॉम्प्युटर टेबलावर होता आणि पुढे पाटी होती, "निर्मिती : प्रा. दाभोळे".

"हा माझ्या बहिणीचा आहे!" मी ओरडलो.

प्राचार्या मॅडम वळल्या. दाभोळे सर हसले. "किती शिकलास रे?"

"सातवी नापास."

"आणि मला हार्डवेअर शिकवतोस? मॅडम, यातला एकेक स्क्रू माझ्या हातचा आहे."

मला त्यांची कॉलर धरावीशी वाटली. हात मागे बांधून मी विचारलं, "मग सर, आतला पंखा तुम्ही लाल दोऱ्याने बांधलात की पिवळ्या?"

"लाल," सर म्हणाले.

"दोरा नाहीच, मॅडम. तीन स्क्रू आहेत आणि चौथ्या जागी ताईची केसांची पिन. सुट्टीत ती घरी हे जोडत होती, तेव्हा टॉर्च मी धरला होता."

मॅडमनी झाकण काढायला लावलं. पिन तिथेच होती.

"स्क्रू सगळे तुमचे, सर," मी म्हणालो, "पण तुम्हाला तर टक्कल आहे. ही पिन कुणाच्या केसांतली?"

मॅडमनी पाटी उलटी करून पेन माझ्या हाती दिला. शाळा सुटल्यापासून मी काही लिहिलं नव्हतं. सावकाश, एकेक अक्षर जुळवत मी लिहिलं : प्रणिता खिल्लारे.