विषपर्णाच्या झाडावरचे उष्टावण

एका राज्यात धैर्यकेतू नावाचा राजा होता. नव्या महालाच्या खांबांसाठी त्याने विषपर्ण नावाच्या झाडांचे अर्धे रान तोडले. त्या रानाचा राखणदार कपालभद्र मांत्रिक दरबारात आला आणि एवढेच म्हणाला, "झाडावरच्यांची घरे पाडलीस. आता तुझी राणी झाडावर राहील."

राणी सुलक्षणा तेव्हा गर्भार होती. क्षणात तिच्या अंगावर राखाडी लोकर आली, पोटाला कातड्याची पिशवी आली. मांत्रिकाने उःशाप दिला, तोही तीन अटींचा. शिडीवाचून झाडावर चढावे. वादळात खाली पडू नये. आणि बाळाने विषपर्णाचा विषारी पाला स्वतः खाऊन पचवावा. तोवर जमिनीवरचा एक घासही बाळाच्या पोटात गेला, तर मायलेकरे जन्मभर तशीच राहतील.

चढणे सोपे गेले. राणीच्या हातांना आता दोन दोन अंगठे होते, नखे आकड्यांसारखी होती. बाळ जन्मले ते घेवड्याच्या दाण्याएवढे. आपणच सरपटत पिशवीत शिरले. वादळ आले तेव्हा राणी दोन फांद्यांच्या बेचक्यात रुतून बसली. बुडाची लोकर गादीसारखी जाड होती. वारा थकला, ती हलली नाही.

पण आठ प्रहरांतले साडेसहा प्रहर ती झोपे. राजाने घाबरून हळद्या पक्ष्याला पाठवले.

"राणीसाहेब, महाराज पुसतात, प्रकृती बरी नाही का?"

"बरी आहे रे. या पाल्यात जोर नाही, आणि विष मारायला पोटाला फार राबावे लागते. उगाच जागून काय करू?"

"मग घोरा खुशाल. दरबारातही तेच चालते."

सहा महिन्यांनी बाळाने पिशवीतून तोंड काढले. त्या राजकुळाची रीत अशी, की उष्टावणाचा पहिला घास बापाने सोन्याच्या वाटीतून भरवायचा. राजाने झाडाला मचाण बांधले, वरच चूल मांडली आणि खीर शिजवली. केशराचा वास येताच भुकेल्या बाळाने हात पसरला.

"वाटी मागे घ्या, महाराज!" राणी ओरडली.

"खीर जमिनीला लागू दिलेली नाही."

"आणि गाय कुठे चरली?"

राजासोबत वर आलेल्या त्याच्या आत्याबाई कळवळल्या, "अगं, विष आहे ते! इवलासा जीव मरेल."

"भीती मलाही आहे, आत्याबाई. पण विष मारणारे जीव माझ्या पोटात आहेत. ते आधी त्याला देते."

राणीच्या पोटातून अर्धवट पचलेल्या पाल्याचा मऊ हिरवा लगदा उतरला. पिशवीचे तोंड खालच्या अंगाला होते. बाळाने मान काढून तो चाटला. पाल्याचे विष मारणारे डोळ्यांना न दिसणारे जीव त्याबरोबर बाळाच्या पोटात गेले.

"शी! राजपुत्राला हे?" आत्याबाईंनी पदर नाकाला लावला.

राजाने मात्र खिरीची वाटी उपडी केली.

लगदा खात बाळ वाढले. एके सकाळी त्याने कोवळे पान तोडून गिळले. सूर्य मावळेपर्यंत राजा त्याचे श्वास मोजत बसला. मग बाळाने मोठी ढेकर दिली, आणि पुन्हा माणूस झालेल्या राणीच्या मांडीवर माणसाचे गुटगुटीत मूल हसू लागले.

राजाने महालाचे काम थांबवले आणि उरलेले रान कपालभद्राच्या स्वाधीन केले. तेव्हापासून त्या राज्यात पहिला घास आई भरवते, असे ऐकतो. बाप शेजारी बसतो, वाटी धरून.