कातरीनबायचं बावखल

केळीच्या बागांतून खाली उतरलं की हे बावखल लागतं. बावखल म्हणजे आमच्याकडचं बागेतलं तळं. समुद्र इतका जवळ, की वारा फिरला तर लाटा ऐकू येतात. हे बावखल विधवांनी खोदलं, असं सांगतात.

आमचं देऊळ, म्हणजे चर्च, अजून झावळ्यांचं होतं तेव्हाची गोष्ट. रेमेत नावाच्या तरुण बाईचा नवरा इनास तापाने गेला. त्याला पुरताना तिने क्रूसाला हात लावला आणि आता मी फक्त देवाची, असं व्रत बोलली. गावात तेव्हा विधवांचा एक मेळ होता. देऊळ झाडायचं, आजाऱ्यांपाशी बसायचं, प्रार्थना करायची. सगळ्या पिकल्या केसांच्या. त्यांतली मोठी कातरीनबाय. तिने रेमेतला तिथल्या तिथे मेळात घेतलं.

पण रेमेतचं मन थाऱ्यावर नव्हतं म्हणे. झाडू अर्ध्यावर टाकून किनाऱ्यावर जायची, तिथूनही उठायची. या घरी कांडण कर, त्या घरी मूल खेळव. लोक म्हणू लागले, ही चुगल्या करत हिंडते. हिंडता हिंडता ती बस्त्यावच्या दारात थांबायची. तो बागायतदार, बायको बाळंतपणात गेलेली. त्याची पोर रेमेतचा पदर सोडायची नाही. बस्त्यावने लग्नाचं विचारलं, तेव्हा रेमेत निघून गेली. पुढे कितीतरी दिवस ती त्या वाटेने जायची, वळणावरून परत फिरायची.

शेवटी ती कातरीनबायला म्हणाली, “प्रार्थनेला बसले की ती पोर रडताना ऐकू येते. मी देवाला फसवतेय की स्वतःला, तेच कळत नाही.”

कातरीनबाय तिला पाद्रींकडे घेऊन गेली. पाद्रींनी संत पौलाचं पत्र काढून वाचलं. तरुण विधवांना मेळात घेऊ नये, त्यांनी लग्न करावं, घर सांभाळावं, असं त्यात होतं. कातरीनबाय म्हणाली, “मग चूक हिची नाही, माझी. हिचं रडणं थांबावं म्हणून मी हिला व्रत घेऊ दिलं.”

लग्न झालं. त्याच वर्षी उधाणाचं पाणी बांध फोडून आत शिरलं आणि गावच्या साऱ्या विहिरी खारट झाल्या. रेमेतने व्रत मोडलं म्हणूनच हे झालं, असं गाव बोलू लागलं. माणसं बस्त्यावच्या अंगणात जमली. तिने घर सोडून मेळात परत यावं, असं त्यांचं म्हणणं. रेमेत पोरीला कडेवर घेऊन उभी होती. “व्रत मोडलं, ते मी नाकारत नाही,” ती म्हणाली. “पण हिला टाकून देवासमोर कोणत्या तोंडाने जाऊ?”

मेळातल्या बायांना घेऊन तिथे आलेल्या कातरीनबायने बस्त्यावची कुदळ उचलली आणि बागेच्या सखल कोपऱ्यात गोड्या पाण्यासाठी खणायला सुरुवात केली. मेळातल्या बाया तिच्यामागे गेल्या. रेमेतही गेली. गाव नुसतं बघत राहिलं. ओली वाळू लागली, मग पाणी लागलं. चाखायला कुणी पुढे होईना. तेव्हा कातरीनबायने रेमेतला ओंजळ भरायला सांगितली, त्या ओंजळीतून ती पाणी प्यायली आणि म्हणाली, “गोड आहे.” गाव पुढे सरकलं.

काही जण वेगळं सांगतात. त्या घटकेला पाणी खारटच होतं, कातरीनबाय प्यायली त्यानंतर ते गोड झालं. खरं काय, ते तिलाच ठाऊक.

आजही आमच्याकडे मयताच्या दिवशी कुणा बाईला व्रत बोलू देत नाहीत. जुन्या बाया म्हणतात, वर्ष सरू दे, मग बोल. आणि विधवेचं लग्न ठरलं की तिला इथे आणतात. ती ओंजळ भरते, गावातली सगळ्यांत म्हातारी विधवा त्यातून पिते. मे महिन्यात हे पाणी चांगलंच मचूळ होतं. तरी म्हातारी ते पूर्ण पिते, तोंड पुसते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगते, “गोड आहे.”